परतीचा पाऊस आणि परसबाग : शाकरक्षणाचा वैद्यकीय विचार

पथ्यापथ्य सांगताना आपण शाकवर्गातील द्रव्यांची नावे सहज उच्चारतो. पित्तप्रकृतीच्या रुग्णास पडवळ, मंदाग्नी असणाऱ्यास कोवळा मुळा, मलावष्टंभ असणाऱ्यास चाकवत, रक्तपित्तात तांदुळजा, असे आपले लेखन असते. रुग्ण ती भाजी आणतो, शिजवतो आणि खातो. ती भाजी कोणत्या भूमीत वाढली, कोणत्या काळात वाढली, किती जून झाल्यावर तोडली गेली, तिला कीड लागली होती काय, हे मात्र त्यास ठाऊक नसते आणि बहुधा आपणासही नसते. औषधी द्रव्याच्या बाबतीत आपण जी चौकशी करतो, ती शाकद्रव्याच्या बाबतीत करीत नाही. वस्तुतः रुग्णाच्या पोटात औषधाच्या मात्रेपेक्षा शाकाची मात्रा कितीतरी पटींनी अधिक जाते.

शास्त्रकारांनी याविषयी मौन बाळगलेले नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सत्ताविसाव्या अध्यायात वर्ज्य शाक सांगताना कृमींनी, वाऱ्याने वा उन्हाने बिघडलेले, वाळलेले, जून झालेले आणि ऋतूस सोडून आलेले शाक टाळावे असे म्हटले आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील शेहेचाळिसाव्या अध्यायात पत्रशाकाच्या संदर्भात राठ, अतिजीर्ण, कृमियुक्त, अयोग्य भूमीत वाढलेले आणि अकाली उगवलेले शाक वर्ज्य ठरविले आहे. या यादीकडे बारकाईने पाहिले असता एक गोष्ट ध्यानात येते. यांतील बहुतेक दोष स्वयंपाकघरात उत्पन्न होत नाहीत. ते वाफ्यात उत्पन्न होतात. त्यामुळे ते टाळण्याचे स्थानही वाफाच होय.

अलीकडे अनेक वैद्य रुग्णांना घरी भाजी लावण्याचा सल्ला देतात. सल्ला उत्तम आहे. परंतु आमच्या पाहण्यात असे येते की, ज्येष्ठ-आषाढात हौसेने लावलेली बाग भाद्रपद-आश्विनात नासते आणि रुग्ण त्यानंतर बागेचे नाव काढीत नाही. वर्षभरातील या दोन-तीन महिन्यांत, म्हणजे परतीचा पाऊस, ढगाळ गारवा, मधूनच कडक ऊन आणि पुढे पहाटेचे दव या काळात, बाग कशी सांभाळावी याचा विचार प्रस्तुत लेखात करीत आहोत. विवेचनासाठी आम्ही शास्त्रोक्त दोषांचाच क्रम साधारणपणे स्वीकारला आहे.

ऋतूचे आजचे रूप

चरकमतानुसार आश्विन व कार्तिक हे शरदाचे मास होत. सुश्रुतांनी मात्र दोन प्रकारची गणना दिली आहे. एका गणनेत आश्विन-कार्तिक हा शरद येतो; प्रावृट् ऋतू स्वतंत्र मानणाऱ्या दुसऱ्या गणनेत भाद्रपद-आश्विन ही वर्षा आणि कार्तिक-मार्गशीर्ष हा शरद ठरतो. महाराष्ट्रातील अलीकडचा पाऊस पाहता ही दुसरी गणना पुष्कळ वर्षी अधिक लागू पडते.

भारतीय हवामानशास्त्र विभागाने २०२० साली मोसमी पावसाच्या सर्वसाधारण तारखा सुधारल्या. वायव्य राजस्थानातून पाऊस परतू लागण्याची पूर्वीची तारीख १ सप्टेंबर होती. ती आता १७ सप्टेंबर मानली जाते. महाराष्ट्रातून पाऊस पूर्णपणे जाईपर्यंत ऑक्टोबर उजाडतो. त्यानंतरही समुद्रातील वादळे बागेस स्वस्थता देत नाहीत. नोव्हेंबर २००९ मध्ये कोकणावर आलेले ‘फयान’ आणि २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात अरबी समुद्रात एकापाठोपाठ उठलेली ‘क्यार’ व ‘महा’ ही वादळे वाचकांच्या स्मरणात असतील. २०१९ च्या त्या पावसाने काढणीस आलेली पिके राज्यभर शेतातच कुजली.

यावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, पंचांगातील तिथीवरून बागेची कामे ठरवू नयेत. ऋतूची लक्षणे पाहून ठरवावीत. दुसरा निष्कर्ष पथ्याचा आहे. आश्विन लागला म्हणून लगेच शरदचर्या सांगणे योग्य नव्हे. आकाश ढगाळ, हवा गार आणि भूमी ओली असेल तर वर्षाचर्येतील उष्ण, लघू आहारच चालू ठेवावा. ऊन स्थिरावल्यावर तिक्त-मधुर-कषाय शाकांकडे वळावे. वाग्भटांनी ऋतुसंधीचे चौदा दिवस सांगून पूर्वचर्या क्रमाने सोडण्यास आणि पुढील क्रमाने स्वीकारण्यास सांगितले आहे. हाच नियम वाफ्यासही लागू पडतो, हे पुढे दिसून येईल.

भूमी : वाफसा हे मुख्य सूत्र

आपल्या शेतकऱ्यांच्या भाषेत ‘वाफसा’ हा एक अत्यंत अर्थपूर्ण शब्द आहे. मातीच्या कणांमधील पोकळ्यांत पाणी आणि हवा यांचे योग्य प्रमाण असण्याच्या स्थितीस वाफसा म्हणतात. या स्थितीत मूळ श्वास घेऊ शकते आणि अन्नग्रहणही करू शकते. पाऊस लागून राहिला की पोकळ्यांतील हवा निघून जाते, तेथे पाणी भरते, आणि मुळे गुदमरून कुजू लागतात. अशा वेळी पाने पिवळी पडतात व माना टाकतात. पाने मलूल दिसली म्हणून अनभिज्ञ मनुष्य आणखी पाणी घालतो आणि झाड मरते. अतिजलाने कोमेजणे आणि जलाभावाने कोमेजणे यांचे बाह्य लक्षण एकच, कारण मात्र परस्परविरुद्ध आहे. लक्षणसाम्य असूनही निदानभेद करणे ही तर वैद्याची नित्याची साधना. येथे निदान सोपे आहे : बोट दोन पेरे मातीत खुपसून पाहावे. माती चिकट व गार लागल्यास पाणी देऊ नये.

वाफसा ओळखण्याची रीत अशी : वीतभर खोलीवरील माती मुठीत घेऊन दाबावी. गोळा झाला आणि बोटाने टिचकी मारताच तो सहज फुटला, तर वाफसा आहे. गोळा न फुटता नुसताच चेपला गेला, तर माती अतिओली आहे. अशा वेळी तिच्यात खुरपे घालू नये आणि वाफ्यात पायही ठेवू नये. ओल्या मातीवर दिलेल्या एका पावलाने ती जी दबते, ती पुढे कित्येक आठवडे मोकळी होत नाही. काळ्या चिकण मातीत हा दोष तीव्र, मुरमाड मातीत सौम्य, तर कोकणातील जांभ्या मातीत पाणी लवकर निघून जाते. मात्र त्याबरोबर अन्नांशही वाहून जातात.

उपाययोजना पुढीलप्रमाणे करावी :

१. वाफे जमिनीपासून एक वीत उंच, म्हणजे गादीवाफे करावेत. रुंदी तीन फुटांहून अधिक नसावी, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोहोचतो व आत पाऊल टाकावे लागत नाही.

२. दोन वाफ्यांमधील चरास उतार द्यावा आणि प्रत्येक मोठ्या सरीनंतर त्यातील पाला-गाळ काढावा.

३. सततच्या पावसात जाड आच्छादन खोडास भिडवू नये. खोडाभोवती चार बोटे जागा उघडी ठेवावी. पाऊस संपल्यावर मात्र वाळलेल्या पाल्याचे आच्छादन अवश्य करावे, कारण पुढच्या उन्हात वरची माती तडकते.

४. कुंड्या विटांच्या दोन तुकड्यांवर ठेवाव्यात, तळाची छिद्रे मोकळी आहेत हे पाहावे आणि खालच्या बशा काढून टाकाव्यात.

५. पावसाने नत्राचा अंश वाहून जातो. खालची जुनी पाने प्रथम पिवळी पडणे हे त्याचे गमक. वाफसा आल्यावर प्रत्येक रोपास ओंजळभर गांडूळखत द्यावे. भूमी चिकट असताना खत देणे म्हणजे अग्नी मंद असताना गुरू अन्न देण्यासारखे आहे. ते पचत नाही, वाया जाते.

अयोग्य भूमीचा दोषही याच काळात उद्भवतो. अतिवृष्टीत गटाराचे वा शौचकुंडाचे पाणी वाफ्यात शिरल्यास त्यातील पालेभाजी काढून टाकावी. धुऊन खाण्याचा लोभ धरू नये. त्या वाफ्यात पुढचे काही महिने कच्ची खाण्याची कोथिंबीर, मुळा वा गाजर घेऊ नये.

पर्णरोग : ओल किती वेळ टिकते?

पानांवरील बहुतेक बुरशीजन्य रोगांचा संबंध पाऊस किती पडला याहून पान किती तास ओले राहिले याच्याशी असतो. म्हणून पाऊस थांबल्यावर वेलीतून वारा खेळेल अशी रचना हवी. वेल जमिनीवर पसरू न देता मांडवावर चढवावेत, टोमॅटोस काठीचा आधार देऊन जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंतची पाने काढावीत, आणि दाट उगवलेल्या पालेभाजीची विरळणी करावी. ओल्या पानांना हात लावून तोडणी करू नये. हाताबरोबर रोग एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. पाणी देण्याची वेळ आली तर ते सकाळी, मुळाशी द्यावे.

या काळात तीन रोगांची ओळख वैद्यास असावी. ‘केवडा’ रोगात काकडीवर्गीय वेलीच्या पानाच्या वरच्या बाजूस शिरांनी बांधलेले कोनाकृती पिवळे डाग आणि खाली करड्या रंगाची बुरशी दिसते. हा सततच्या ओलाव्याचा रोग. ‘भुरी’ रोगात पानावर पीठ शिंपडल्यासारखी पांढरी बुरशी येते. ही पाऊस थांबून दिवस कोरडे व रात्री गार होऊ लागल्या की येते. टोमॅटो व बटाट्यावरील ‘उशिराचा करपा’ हा गारवा आणि ओल एकत्र आल्यावर, पंधरा ते वीस अंश तापमानात झपाट्याने पसरतो. पानावर तेलकट, तपकिरी डाग पडतात आणि काही दिवसांत संपूर्ण झाड काळवंडते. याच रोगाने १८४५ पासून आयर्लंडमधील बटाट्याचे पीक नष्ट केले आणि तेथील दुर्भिक्षात सुमारे दहा लाख लोक दगावले. एका गार, ओल्या ऋतूची किंमत किती असू शकते, याचे हे उदाहरण आहे.

करपा दिसताच ते झाड उपटून पिशवीत भरून दूर न्यावे. खतखड्ड्यात टाकू नये. शेजारच्या निरोगी टोमॅटो-वांग्यांसाठी बोर्डो मिश्रण हा जुना उपाय आहे. एक टक्का मिश्रणाकरिता दहा ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात व दहा ग्रॅम कळीचा चुना अर्धा लिटर पाण्यात, प्लास्टिकच्या वा मातीच्या भांड्यात वेगवेगळे कालवावे आणि मग एकत्र करावे. त्यात लोखंडी खिळा क्षणभर बुडवून काढावा. त्यावर तांब्याचा लालसर थर आला तर चुना कमी आहे, तो वाढवावा. मिश्रण त्याच दिवशी वापरावे. मोरचूद म्हणजे आपले तुत्थ. त्याचे वामक आणि दाहक गुण आपणास ठाऊक आहेत. म्हणून पालेभाजीवर ते मुळीच फवारू नये, कोवळ्या काकडीवर्गीय वेलींसही ते सोसत नाही, आणि फवारलेल्या झाडाची फळे आठवडाभर तोडू नयेत व नंतर चोळून धुवावीत.

कृमिदोष

ओलाव्याबरोबर गोगलगाई येतात. २०२२ साली मराठवाड्यातील लातूर, बीड व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत गोगलगाईंनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली होती. परसबागेतील चार वाफ्यांस तर एक रात्र पुरते. संध्याकाळी ओले गोणपाट वाफ्याजवळ अंथरून ठेवावे; त्याखाली जमलेल्या गोगलगाई सकाळी हातमोजे घालून गोळा कराव्यात व मिठाच्या पाण्यात टाकाव्यात. वाफ्याभोवती कोरड्या चुन्याची रेघ ओढल्यासही त्या अडतात. पाऊस पडला की ती पुन्हा ओढावी लागते. बाजारात मिळणारी विषारी आमिषे घरातील बालके, कुत्री व मांजरे यांना घातक असल्याने परसबागेत त्यांस स्थान देऊ नये. या दिवसांतील पालेभाजी पान उलटून, वाहत्या पाण्यात धुतल्याविना वापरू नये.

दुसरा शत्रू फळमाशी. ती दुधी, दोडका, कारले यांच्या कोवळ्या फळास भोक पाडून आत अंडी घालते. फळ वाकडे होते व आतून कुजते. असे फळ जमिनीवर टाकून दिल्यास अळ्या मातीत कोष करतात आणि नव्या माश्या होतात. म्हणून किडकी फळे रोज वेचून हातभर खोल पुरावीत अथवा घट्ट बांधलेल्या पिशवीत उन्हात ठेवावीत. फळ बोटाएवढे असतानाच त्यास कागदी वा कापडी पिशवी बांधणे हा निर्विष उपाय आहे. मावा व तुडतुड्यांसाठी पाच टक्के निंबोळी अर्क वापरावा : पन्नास ग्रॅम निंबोळीचूर्ण रात्रभर एक लिटर पाण्यात भिजवून, फडक्यातून गाळून, चिमूटभर साबण मिसळून सायंकाळी फवारावे. पाऊस येण्याचे चिन्ह असेल त्या दिवशी फवारणी व्यर्थ जाते.

येथे वृक्षायुर्वेदाचा उल्लेख करणे प्राप्त आहे. सुरपालाच्या ‘वृक्षायुर्वेद’ या ग्रंथात वनस्पतींच्या व्याधींचा वात-पित्त-कफ या दृष्टीने विचार केलेला असून नलिनी साधले यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद १९९६ साली प्रसिद्ध झाला. त्यातील कुणपजलाविषयी आज बरेच कुतूहल आहे. मात्र कुणपजल हे प्राणिज द्रव्ये कुजवून केले जाते, याचे विस्मरण होऊ नये. असे द्रव फळझाडांच्या मुळाशी देणे वेगळे आणि तोडणीस आलेल्या मेथी-कोथिंबिरीवर शिंपडणे वेगळे. आजारी मनुष्याच्या पानात जाणाऱ्या पालेभाजीवर ते, किंवा ताजी शेणस्लरी, केव्हाही शिंपडू नये.

अकालदोष : काय, केव्हा पेरावे?

परतीच्या पावसात खरिपाचे वेल उतरणीस लागलेले असतात आणि रब्बीच्या पेरणीची घाई झालेली असते. येथेच ऋतुसंधीचा न्याय उपयोगी पडतो. सर्व वेल एकदम उपटू नयेत आणि सर्व बी एकदम पेरू नये. एक वाफा मोकळा करावा, वाफसा येताच त्यात पेरावे, आठ-दहा दिवसांनी दुसरा घ्यावा. मुसळधार सर येऊन पहिली पेरणी वाहून गेली तरी दुसरी हाती राहते, आणि भाजीही टप्प्याटप्प्याने मिळते.

तांदुळजा व मायाळू हे दमट उष्म्यात सुखाने वाढतात. थंडी स्थिरावली की त्यांची वाढ मंदावते. मेथी, पालक, चाकवत, कोथिंबीर, मुळा, गाजर व वालपापडी हे गारव्याचे मित्र. परंतु त्यांचे कोवळे अंकुर साचलेल्या पाण्यात तग धरीत नाहीत. मेथी पंचवीस-तीस दिवसांत, पालक महिन्याभरात व कोथिंबीर सुमारे चाळीस दिवसांत काढणीस येते. टोमॅटो, वांगी व कोबी यांची रोपे वर छप्पर असलेल्या जागी, गाळलेल्या मोकळ्या मातीत तयार करावीत. उघड्या पावसात ठेवलेली रोपे जमिनीलगत कुजून कोलमडतात. दुधी, दोडका व पडवळ यांची नवी लागवड मात्र या काळात करू नये. रात्रीचे तापमान उतरले की हे वेल खुंटतात, आणि अशा वेलीचे फळ अकालविरोही या संज्ञेस पात्र ठरते.

पडवळाविषयी एक सूचना. संहितांतील ‘पटोल’ म्हणजे परवल असे अनेकांचे मत आहे, तर महाराष्ट्रात चिकित्सेत कडू पडवळ घेण्याचा प्रघात आहे. भाजीचे लांब पडवळ हे पडवळाचेच लागवडीतील गोडे रूप. शरदात पटोल सांगताना रुग्णास नेमके काय अभिप्रेत आहे, हे स्पष्ट लिहून द्यावे.

कार्तिक-मार्गशीर्षात पाऊस थांबून थंडी उतरते. निफाडसारख्या ठिकाणी तापमान पुष्कळ खाली जाते आणि महाबळेश्वरी वेण्णा तलावाच्या परिसरात दव गोठल्याच्या बातम्या येतात. अशा रात्रीच्या आधी, नित्याचा नियम सोडून, सायंकाळी मुळाशी थोडे पाणी द्यावे. ओली माती दिवसाची ऊब अधिक धरून ठेवते. कोवळ्या रोपांवर जुनी साडी वा चादर काठ्यांच्या आधाराने, पानांना न टेकता घालावी आणि सूर्योदयानंतर काढावी. याच सुमारास, म्हणजे कार्तिकाचे अखेरचे आठ व मार्गशीर्षाचे पहिले आठ दिवस, शार्ङ्गधरांनी यमदंष्ट्रा म्हणून सांगून मिताहाराचा उपदेश केला आहे. बाग भरात येण्याचाही हाच काळ असल्याने, घरची भाजी म्हणून ती यथेच्छ खाण्यापासून रुग्णास सावध करावे.

जीर्णदोष : तोडणीचा काळ

मुळा हे या दोषाचे प्रसिद्ध उदाहरण. कोवळा मुळा दोषहर आणि जून मुळा त्रिदोषकर, असा भेद चरकांनी एकाच द्रव्याच्या दोन अवस्थांत केला आहे. बाजारात वजनावर विकावयाचा असल्याने मुळा मोठा होऊ दिला जातो. घरच्या वाफ्यात तो पंचवीस-तीस दिवसांचा, करंगळीएवढा असताना काढता येतो. ‘बालमूलक’ हे पथ्य खऱ्या अर्थाने पाळणे परसबागेमुळेच शक्य होते. दुधीच्या सालीत नख सहज रुतावे, दोडक्याची धार वाकवली असता लवचिक असावी, मेथीस फुले येण्यापूर्वी ती खुडावी, चाकवताचे कोवळे शेंडे घ्यावेत. सलग पावसामुळे तोडणी आठवडाभर लांबली, तर जून झालेले फळ भाजीस न घेता झाडावरून काढून टाकावे. ते राहिल्यास वेल पुढची फळे धरीत नाही.

एक गंभीर धोका : कडू दुधी

घरी भाजी लावण्याचा सल्ला देणाऱ्या प्रत्येक वैद्याने हे प्रकरण ध्यानपूर्वक वाचावे, अशी विनंती आहे. दुधीच्या रसाचे सेवन मधुमेह, हृद्रोग व स्थौल्य यांसाठी लोकप्रिय आहे. २०१० साली दिल्लीत असा कडू रस प्राशन केल्याने एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञसमिती नेमली व तिचा अहवाल २०१२ साली प्रसिद्ध झाला. कडू रसातील कुकुर्बिटासिन नामक द्रव्यांमुळे तीव्र उदरशूल, वमन, अतिसार, रक्तवमन आणि रक्तदाब घसरणे ही लक्षणे उद्भवतात आणि त्यावर विशिष्ट उतारा उपलब्ध नाही.

आयुर्वेदास हे नवे नाही. कडू भोपळा म्हणजे इक्ष्वाकू. चरकसंहितेच्या कल्पस्थानातील तिसरा अध्याय त्यास वाहिलेला आहे आणि ते वमनद्रव्य आहे. अर्थात रुग्ण पथ्य समजून जे पेलाभर पितो, ते मात्रा न ठरवलेले वमनौषध असते.

परसबागेत हा धोका दोन मार्गांनी येतो. दुधी हे परपरागित पीक आहे. जवळपास रानटी कडू भोपळ्याचा वेल असेल तर त्याच्या परागाने यंदाचे फळ कडू होत नाही. त्या फळातील बी पुढच्या वर्षी लावले असता त्या वेलीची फळे कडू निघू शकतात. म्हणून खात्री नसलेल्या फळाचे बी धरू नये, आणि उकिरड्यावर आपोआप उगवलेला वेल मांडवावर चढवू नये. दुसरा मार्ग ताणाचा. अतिओल, थंडी, तापमानातील मोठे चढउतार यांनी पीडित झालेल्या काकडीवर्गीय वेलीत कडूपणा वाढू शकतो, आणि परतीच्या पावसाचे दिवस नेमके असेच असतात.

नियम साधा आहे. प्रत्येक फळाचा छोटा तुकडा कापून जिभेस लावावा. किंचितही कडू लागल्यास थुंकून टाकावे आणि ते संपूर्ण फळ फेकावे. शिजवल्याने, मीठ-मसाला घातल्याने वा दुसऱ्या रसात मिसळल्याने दोष जातो असे मानू नये. एका वेलीची फळे कडू निघाल्यास तो वेल उपटावा. कडू रस पोटात गेल्यावर उलटी, पोटदुखी सुरू झाल्यास घरगुती उपचारांत वेळ न दवडता रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. कारल्याचे कडूपण स्वाभाविक असते. दुधी, दोडका, घोसाळे व काकडी यांचे कडूपण ही धोक्याची सूचना होय. हा भेद रुग्णास शब्दांत समजावून सांगावा, कारण ‘कडू ते औषधी’ ही समजूत आपल्या समाजात खोलवर रुजली आहे आणि तीच येथे घातक ठरते.

बागेत राबणाऱ्याचे आरोग्य

परसबागेचा सल्ला म्हणजे ओल्या मातीत हात घालण्याचा सल्ला. उंदीर व गुरे यांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्या-चिखलातून लेप्टोस्पायरोसिस हा ज्वर होतो. जंतू त्वचेवरील जखमेतून शरीरात शिरतात. पायास भेगा वा जखम असलेल्याने, विशेषतः मधुमेहीने, गुडघ्यापर्यंतचे बूट व हातमोजे यांविना चिखलात उतरू नये. चिखलात काम केल्यावर साधारण पाच ते चौदा दिवसांत तीव्र ज्वर, पोटऱ्यांत वेदना व डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसल्यास हा विकार मनात आणून रक्ततपासणीस पाठवावे. कावीळ दिसेपर्यंत थांबणे धोक्याचे आहे. कुंड्यांखालील बशा, रिकाम्या करवंट्या व पिंपे यांत साठलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात. ती आठवड्यातून एकदा तरी रिकामी करून घासावीत. पाल्याच्या ढिगात हात घालण्यापूर्वी काठीने तो हलवावा. सर्प ओलाव्यात उबेस येऊन बसतात.

उपसंहार

वरील सर्व विवेचनाचे सार सांगावयाचे तर, या ऋतूत बाग नासते ती साचलेल्या पाण्याने, कोंडलेल्या हवेने आणि चुकलेल्या वेळेने. निचरा, वारा आणि तोडणीची वेळ ही तीन सूत्रे सांभाळली तर फवारणीचा प्रसंग क्वचितच येतो, आणि शास्त्रकारांनी वर्ज्य ठरविलेल्या शाकदोषांपैकी बहुतेक दोष वाफ्यातच टळतात. उरलेले काम चुलीवर होते : पालेभाजी वाफवून, तिचे पाणी पिळून, तूप वा तेलाची फोडणी देऊन खावी, ही शास्त्रोक्त पाकविधी या दमट दिवसांत विशेष पाळावी.

पथ्यपत्रक लिहिताना भाजीच्या नावासमोर तीन शब्द अधिक लिहिण्याची सवय वाचक वैद्यांनी लावून घ्यावी : तिची अवस्था, तिचा ऋतू आणि चव पाहण्याची सूचना. ‘मुळा’ न लिहिता ‘कोवळा मुळा, शिजवून’. ‘दुधी’ न लिहिता ‘कोवळा दुधी, चव पाहून, कडू असल्यास टाकून द्यावा’. एवढे लिहावयास अर्धा मिनिट पुरतो. रुग्णाच्या अंगणात चार वाफे असोत वा खिडकीत दोन कुंड्या, येत्या भाद्रपदात त्याला ‘पाऊस थांबल्यावर चर मोकळे केलेत ना?’ असे विचारणे हाही चिकित्सेचाच भाग मानावा.